ड्रायव्हरबाईंचं पाळणाघर

बंद गल्लीच्या टोकाचं घर सहसा लवकर विकलं जात नाही. ड्रायव्हरबाईंनी मात्र हट्टानं तेच घेतलं. गल्ली अरुंद, कडांना गाड्या लागल्या आणि समोरून कोणी आलं तर गाडी उलटी काढत थेट हमरस्त्यापर्यंत जावं लागणार, हे दलालानं त्यांना चार वेळा सांगितलं. एकतीस वर्षं शहराची बस चालवलेल्या बाईला तो रिव्हर्सची भीती घालत होता. बाईंनी त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि किल्ली मागितली.

गल्लीत दोन्ही बाजूंना सात-सात घरं आणि शेवटी आडवं पसरलेलं बाईंचं. पुढं ऐसपैस अंगण, आणि त्यात एकही गाडी नाही. निवृत्त झाल्यापासून बाई सगळीकडे पायी जात. "आयुष्यभर लोकांना पोचवलं, आता माझे पाय मला पोचवतील," म्हणत.

गल्लीला त्या फारशा आवडत नसत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय असल्यामुळं साधं "काय, कसं काय?" विचारलं तरी समोरचा दचकायचा. कोणी गाडी लावताना घोळ घालू लागला की बाई खिडकीतूनच सांगायच्या, "डावीकडं कापा. अहो डावीकडं, तुमच्या डावीकडं." लोकांना राग त्यांच्या ओरडण्याचा नव्हता, त्या दर वेळी बरोबर निघायच्या त्याचा होता.

डेपोत एक नियम होता आणि बाईंनी तो अंगी बाणवला होता. बस मागं घ्यायची तर मागं माणूस उभा हवा, आणि तो हात दाखवेल तितकंच जायचं. मागं उभा असलेला माणूस काल कामाला लागलेला असला तरी वीस वर्षं बस चालवलेल्या ड्रायव्हरनं त्याच्या हाताचं ऐकायचं. आरशाच्या भरवशावर मागं घेणाऱ्यांनी डेपोची भिंत तीन ठिकाणी फोडून ठेवली होती. मागं माणूस नसेल तर बस हलवायची नाही, मग साहेब येऊन बोंबलत का बसेना.

या घरात पाळणाघर काढायचं खूळ बाईंच्या डोक्यात आलं ते ब्रेकमुळं. ब्रेक ही त्यांनी शिकवलेली शेवटची मुलगी. शिकताना दर दहा पावलांवर ब्रेक दाबायची, म्हणून डेपोनं तिचं नाव तेच ठेवलं. आता तिला बस चालवायला लागून दहा वर्षं झाली होती, तिच्या गाडीत उभ्या माणसाच्या हातातला चहा हिंदकळत नसे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. एका दुपारी ती आठ महिन्यांच्या मुलीला खांद्यावर टाकून आली आणि बाईंच्या हातात एक कागद दिला.

"पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रजा संपते," ती म्हणाली. "माझी पाळी पहाटे सहाची. पाळणाघरं उघडतात नऊला. हिचा बाप ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. राजीनामा लिहिलाय बाई. आधी तुम्हाला दाखवावा म्हटलं."

बाईंनी तो दोनदा वाचला. मग घडी घातली आणि स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकला.

"हा माझ्याकडं राहू दे."

"आणि हिचं काय करू?"

"तिलाही माझ्याकडं राहू दे."

बाईंनी हे तोंडातून काढलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हे त्यांना चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी म्हणायला हवं होतं. त्यांची स्वतःची मुलगी दोन वर्षं ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर वाढली. सीटला बांधलेली, हातात जुन्या तिकिटांचा गठ्ठा. प्रवासी खाऊ देत, कंडक्टर तोंड पुसत असे. मग एका कंट्रोलरनं मेमो दिला, 'वाहनात अनधिकृत प्रवासी'. दुसरा मेमो आला असता तर नोकरी गेली असती, आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या. बाईंनी मुलीला दुसऱ्या गावी मोठ्या बहिणीकडं ठेवलं. तात्पुरतं. त्या तात्पुरत्याला चार वर्षं लागली. परत आणली तेव्हा ती पायरीवर बसून "आई, आई" करत रडत होती. बाई धावत गेल्या, "अगं मी इथंच आहे." पोरीनं मान फिरवली. तिला बाईंची बहीण हवी होती. बाईंना ती पुढं दीड वर्ष मावशी म्हणत होती.

आज ती मुलगी चाळिशी ओलांडलेली, दुसऱ्या शहरात, दर रविवारी फोन करणारी. आई म्हणते, मनापासून म्हणते. तरी फोन उचलताना आज कोणती हाक येईल म्हणून बाईंच्या छातीत अजून धस्स होतं. हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई डेपोत गेल्या. पहाटेच्या पाळीच्या बायका, त्यांच्या बहिणी-जावा अशी मिळून बारा मुलं निघाली. बाईंनी पालिकेत अर्ज टाकला. नियमाप्रमाणे पंधरा दिवस फाटकावर नोटीस लावायची होती, तीही लावली. त्या संध्याकाळी ज्यांना कधी चालताना पाहिलं नव्हतं ते सगळे गल्लीच्या टोकापर्यंत फिरायला आले आणि नोटिशीसमोर त्यांच्या बुटाच्या नाड्या सुटल्या.

रविवारी अध्यक्षांच्या गॅरेजमध्ये सभा भरली. अध्यक्ष म्हणजे मोठ्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. दुसरं कोणी तयार होत नाही म्हणून बारा वर्षं तेच रहिवासी समितीचे अध्यक्ष होते, आणि कचेरी सुटली तरी त्यांची फाइल सुटली नव्हती. गाडी बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांची सून कडेवरची वर्षाची मुलगी सांभाळत सगळ्यांना चहा देत होती.

अध्यक्षांनी हरकतीचा कागद वाचला. गल्लीची शांतता जाणार. पहाटे साडेपाचपासून अनोळखी बायकांची वर्दळ सुरू होणार. बारा मुलांसाठी बारा गाड्या येणार आणि गल्ली तुंबणार. गटार तर आधीच तुंबतं. घरांचे भाव पडणार, हे त्यांनी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत हळू वाचलं.

"बारा गाड्या?" बाई म्हणाल्या. "त्या बायका डेपोच्या कर्मचारी बसनं येणार. बस हमरस्त्यावर थांबते. तिथून पायी. आणि अनोळखी कशा? गुडघे दुखायला लागेपर्यंत तुम्ही त्यांच्याच बसमधून कचेरीला जात होता. त्यांच्यापैकी एक तर तुम्ही धावत येताना दिसलात की थांबायची."

दातांचे डॉक्टर पुढं सरसावले. गोड बोलून दात उपटायची त्यांना सवयच होती. "बाई, गैरसमज नको. मुलांना कुणाचाच विरोध नाही. फक्त इथं नको."

"मग कुठं?"

"दुसरीकडं कुठंही."

"म्हणजे जिथं तुम्ही राहत नाही तिथं."

डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं. तेवढ्यात बाईंच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या आजी उठल्या. आजी सभेत कधी बोलत नसत.

"मला भाव-बिव कळत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या पायात रात्रभर कळा येतात. पहाटे चारला कुठं डोळा लागतो. साडेपाचला रडारड सुरू झाली तर त्या माणसानं झोपायचं कधी?"

आतापर्यंत बाई सगळ्या हरकती माश्या हाकलाव्या तशा हाकलत होत्या, पण ही हरकत खरी होती, आणि खऱ्या हरकतीपुढं आवाज चढवणं बाईंना जमत नसे.

"आजी, तुमच्या बाजूच्या खोलीत मी मुलांना ठेवणार होते. चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "ती खोली माझी राहील. मुलं पलीकडच्या टोकाला. नऊ वाजेपर्यंत एकही मूल तुमच्या भिंतीजवळ येणार नाही. आलं तर भिंतीवर थाप मारा, मी येऊन बोलणी खाऊन जाईन."

"लिहून द्या."

बाईंनी अध्यक्षांकडूनच कागद मागून घेतला आणि लिहून दिलं. आजींनी तो नीट घडी करून ठेवला. "हरकतीवरची सही मात्र मी काढत नाही हो. आधी बघते, मग काय ते." बाईंना त्या दिवशीच्या सभेत आवडलेलं हे एकच वाक्य.

अध्यक्षांनी चौदा घरांच्या चौदा सह्या मोजून दाखवल्या. "एकमत आहे, बाई. अर्ज मागं घ्या. शोभेल असं."

बाई उठल्या. "मागं घ्यायचं मला शिकवू नका. मी एकतीस वर्षं तेच केलंय. मागं माणूस उभा असल्याशिवाय मी गाडी मागं घेत नाही. तुमच्यापैकी कोण माझ्यामागं उभं आहे? कोणीच नाही. मग कोणाचा हात बघून मागं घेऊ?"

आणि चहा तसाच टाकून त्या निघून गेल्या. घरी येऊन त्यांनी पलीकडची खोली रिकामी करायला घेतली. परवानगीचा पत्ता नव्हता, पण फरशी तर पुसून ठेवता येत होती.

पालिकेच्या तपासनीस बाई पाहणीला येणार त्याला मंगळवार सकाळी आठची वेळ मिळाली. एक तारीख त्यानंतर नऊ दिवसांवर होती. तारीख कळल्यापासून अध्यक्षांच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. एरवी गल्लीत रस्त्यावर एकही गाडी उभी नसते, प्रत्येकाच्या घराला आत जागा आहे. मंगळवारी सात वाजता सगळी फाटकं उघडली आणि सगळ्या गाड्या बाहेर आल्या. ज्यांच्याकडं दोन होत्या त्यांनी दोन्ही आणल्या. दोन्ही कडांना एकोणीस गाड्या लागल्या. मधून जेमतेम एक गाडी जाईल इतकी वाट उरली.

बाईंनी पायरीवर बसून हे सगळं पाहिलं. शेजारी ब्रेक होती, मांडीवर मुलगी.

"बाई, हे मुद्दाम करतायत."

"करू दे. वाकडी लावली आहे ना ती तिसरी? सकाळपासून हात शिवशिवतायत माझे."

तपासनीस बाई स्वतःच गाडी चालवत आल्या. कशाबशा टोकापर्यंत पोचल्या आणि कोपऱ्यात गाडी लावून आत आल्या. खोल्या मोजल्या, खिडक्यांचे गज हलवून पाहिले, संडास पाहिला, आग विझवायचं नळकांडं उलटंसुलटं करून तारीख वाचली. बाईंनी आजींची अडचण आपणहून सांगितली आणि ती खोली दाखवली. तपासनीस बाईंनी लिहून घेतलं आणि विचारलं, "सगळ्या हरकतींत रस्त्याची हरकत मोठी आहे. ते खरंच आहे का?"

बाई उत्तर देणार तोच बाहेर पहिला हॉर्न वाजला.

झालं होतं असं, की नुसत्या उभ्या गाड्यांवर अध्यक्षांचं समाधान झालं नव्हतं. साडेआठला वर्दळही दाखवायची होती. ठरलं असं, की डॉक्टर आणि दोघं आतून बाहेर जातील, अध्यक्ष आणि दोघं बाहेरून आत येतील. कागदावर ते छान दिसत होतं. पण वाट एकाच गाडीची आहे, हे कागदाला माहीत नव्हतं. गल्लीच्या मध्यावर दोन्ही तुकड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. मागं घ्यावं तर घ्यायचं कोणी? डॉक्टरांना वाटलं अध्यक्षांनी, अध्यक्षांना वाटलं ते अध्यक्ष आहेत. शेवटी दोघांनी एकदमच मागं घ्यायचा प्रयत्न केला, मागच्यांनी हॉर्न दाबले, एकाचा आरसा उभ्या गाडीच्या दाराला अडकला. आपल्या फाटकाच्या आतबाहेर करण्यापलीकडं यांच्यापैकी कोणी गाडी कधी उलटी चालवली नव्हती. सहा हॉर्न एका सुरात लागले.

आजींची खिडकी धाडकन उघडली. "कोण वाजवतंय ते? आत्ता कुठं झोपलाय माणूस."

तपासनीस बाई फाटकात आल्या. "माझी पुढची पाहणी साडेनऊला आहे. मी इथून निघणार कशी?"

बाईंनी त्या सहा गाड्यांकडं पाहिलं. त्यांना तसंच राहू द्यावं, दुपारपर्यंत उन्हात बसू द्यावं, असं त्यांच्या मनात आलं, आणि अगदी मनापासून आलं. पण अडकलेली वाहतूक समोर दिसत असताना बसून राहणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. त्यांनी चप्पल काढून बूट घातले.

"ब्रेक, तू हमरस्त्याच्या तोंडाशी. येणारं सगळं थांबव."

ब्रेकनं आजूबाजूला पाहिलं. अध्यक्षांची सून आपल्या फाटकात, कडेवर मुलगी घेऊन उभी होती. ब्रेक सरळ तिच्याकडं गेली, "धरता जरा?" म्हणाली आणि आपली मुलगी तिच्या दुसऱ्या कडेवर देऊन धावत गेली.

"इंजिनं बंद," बाई गरजल्या. एकतीस वर्षांचा आवाज एकदाचा कामी आला. सगळे हॉर्न थांबले. "आता मी सांगेन तो एकच जण चालू करेल. सगळ्यांत मागचा. आरसा विसरा. मान वळवा आणि माझ्या हाताकडं बघा."

शेवटची गाडी गेली, मग तिच्या पुढची. मग अध्यक्ष उरले. बाई त्यांच्या गाडीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

"उजवीकडं. बास. सरळ करा चाक. या. या. मी मागं उभी आहे, घाबरू नका, या."

अध्यक्ष आले. कपाळावर घाम, मान पूर्ण वळलेली, बाईंचा हात थांबला की थांबत होते, हलला की हलत होते. शंभर-सव्वाशे पावलं त्यांनी बाईंच्या हाताकडं बघत गाडी मागं घेतली. एकाही गाडीला ओरखडा गेला नाही.

मग डॉक्टर आणि त्यांच्यामागचे दोघं सरळ बाहेर गेले आणि गल्ली मोकळी झाली. तपासनीस बाई आपल्या गाडीकडं न जाता सुनेजवळ थांबल्या. "दोन्ही तुमच्या?"

"ही माझी," सून म्हणाली. "ही त्या मुलीची, ड्रायव्हर आहे ना तिची. तुम्ही सही केलीत तर दोघी एक तारखेपासून शेजारी शेजारी झोपतील. मलाही कामावर परत जायचंय."

"आणि रोज रस्ता असाच असतो?"

अध्यक्ष गाडीतून उतरून चालत येत होते. त्यांनी दुरूनच हाक मारली, "सूनबाई."

सून थांबली नाही. "रोज इथं एकही गाडी नसते. आज सात वाजता आणून लावल्यात. बाबा, तुमची दुसरी गाडी मीच काढून दिली बाहेर. मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

अध्यक्ष जिथं होते तिथंच उभे राहिले. फाइल काखेत होती, पण ती उघडायचं त्यांना सुचलं नाही. बाई ब्रेकबरोबर परत येत होत्या. त्यांनी सुनेला पाहिलं, तिचं बोलणं ऐकलं आणि तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

आठवडाभरानं परवानगी आली. बारा नाही, तेरा मुलांची. अटी दोन होत्या. आजींच्या भिंतीकडची खोली नऊच्या आधी वापरायची नाही. आणि पहाटे पाच ते सकाळी नऊ गल्लीत रस्त्यावर कोणाचीही गाडी उभी राहणार नाही. दुसरी अट बाईंनी मोठ्यानं वाचली, खिडकी उघडी ठेवून.

एक तारखेला साडेपाचला बायका हमरस्त्यावरून चालत आल्या. बाईंनी ताकीद दिली होती, त्यामुळं कोणी बोलत नव्हतं, मुलांनाही छातीशी घट्ट धरलं होतं. आजींच्या खिडकीत अंधार होता. अध्यक्षांच्या घरात दिवा होता, पडद्यामागं कोणीतरी उभंही होतं. बाईंनी त्या पडद्याकडं मान ताठ ठेवून पाहिलं आणि फाटक पूर्ण उघडलं. सून सगळ्यांच्या शेवटी, त्याच घरातून आली.

ब्रेक युनिफॉर्ममध्ये होती. मुलगी बाईंच्या हातात देऊन ती दोन पावलं गेली आणि परत वळली.

"बाई, माझा राजीनामा?"

"फाडला. सभेच्याच दिवशी."

ब्रेक हसली. मग तिचा चेहरा उतरला. "दिवसातले दहा तास ही तुमच्याकडं. बोलायला लागली की तुम्हालाच आई म्हणेल बघा."

बाईंनी मुलीला खांद्यावर नीट घेतलं.

"म्हणू देणार नाही," त्या म्हणाल्या. "रोज शिकवेन तिला. मी बाई. आई बसवर गेली आहे, आणि आई संध्याकाळी येते. जा आता, तुझी बस सुटेल."